ग्रहणात सोललेलं संत्रं

संत्र्याच्या सालीचा वास घरात पसरला आणि माझ्या मोठ्या जाऊबाईंनी अशी किंकाळी फोडली की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. खोटं सांगत नाही. मी देवाजवळ जप करत बसले होते. हातातली माळ कुठे जाऊन पडली ते दुसऱ्या दिवशी झाडताना कळलं. मला वाटलं, मयुरी पडली. सहावा महिना लागलेली पोर, त्यात फरशी नुकतीच पुसलेली. धावत मधल्या खोलीत आले तर मयुरी पलंगावर मांडी घालून बसलेली. एका हातात साल, दुसऱ्या हातात अर्धं संत्रं, गालावर रसाचा ओघळ.

"काय झालं आजी? पाल दिसली का?"

जाऊबाई चौकट धरून उभ्या होत्या. तोंडून एवढंच बाहेर आलं, "सोललं वं पोरीनं. गिऱ्हानात सोललं."

यंदा फाल्गुनाच्या पुनवेला ग्रहण आलं. चंद्र उगवला तोच ग्रासलेला. सकाळपासून जाऊबाईंनी घर डोक्यावर घेतलं होतं. दुधात तुळशीचं पान, लोणच्यावर तुळशीचं पान, फ्रीजच्या दारालासुद्धा एक पान खोचलेलं. मयुरी त्यांच्या मुलाची मुलगी, मला धाकटी आजी म्हणते. परगावी प्रयोगशाळेत संशोधन करते. प्रबंध लिहायला आणि बाळंतपणाला म्हणून माहेरी आलेली. तिला दहा वेळा बजावून झालं होतं. चिरायचं नाही, कापायचं नाही, तोडायचं नाही, मोडायचं नाही, सुई हातात घ्यायची नाही, गप पडून राहायचं. पोरगी "हव आजी, हव आजी" करत होती आणि लॅपटॉपवर टकटक करत होती. संध्याकाळी भूक लागली, टोपलीत संत्री होती, हात गेला.

आता हे वाचून कोणी हसेल. मीही हसले असते. पण मला जाऊबाईंचे हात दिसत होते. त्या हातांनी चौकटीवरची कडी नकळत हलत होती, खटक्-खट, जुन्या हातमागासारखी. ती कडी ऐकली आणि मी त्या खोलीत राहिलेच नाही. एकदम मागे गेले. किती मागे, तर मयुरीचा बाप जन्मायच्याही आधी.

तेव्हा मी या घरात नवी होते. आमची सगळी गल्ली विणकरांची. घराच्या पुढच्या खोलीत, आता जिथे मयुरीच्या बापाचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे खड्ड्यात पाय सोडून चालवायचा माग होता. दिवसभर खटक्-खट, खटक्-खट. पहिल्या आठवड्यात मला त्या आवाजानं झोप येईना आणि पुढे तो थांबला की झोप मोडायची. माघ संपत आलेला. सकाळी गारवा, दुपारी चटका. गल्लीत लांबच लांब ताणे, म्हणजे साडीचे उभे धागे, पसरलेले, त्यांना लावलेल्या खळीचा आंबूस वास, आणि वाऱ्यावर कडुनिंबाची पिवळी पानं येऊन त्या ओल्या धाग्यांना चिकटायची. आम्ही दोघी जावा ती पानं वेचत फिरायचो. जाऊबाई पोटुशी होत्या, सहावा लागलेला. चालताना एक हात कमरेवर. मला म्हणायच्या, "इंदे, तू वाक वं. माह्या पोटात तबला वाजून राहिला."

काय हसायच्या तेव्हा! आजच्या जाऊबाईंना ओळखणाऱ्यांना पटणार नाही.

त्या अमावस्येला भर दुपारी सूर्यग्रहण लागलं. गल्लीतला एकही माग चालत नव्हता. दारं लावलेली, खिडक्यांवर सतरंज्या टांगलेल्या. कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या होत्या. सासूबाईंनी जाऊबाईंना मागाशेजारच्या कोपऱ्यात बसवलं, कारण तिथे उजेडाचा कवडसा येत नव्हता. मी जवळ बसलेले. मागावर अर्धी विणलेली साडी तशीच ताणलेली होती. बाहेर दिवसाचा रंग राखेसारखा झाला. इतक्यात ताण्यातला एक धागा तुटून लोंबताना दिसला.

विणकराच्या घरात धागा तुटला की हात जातो. डोक्याला विचारून जात नाही. लहानपणापासूनची सवय असते ती. दोन टोकं चिमटीत, गाठ, आणि वरचं शेपूट दातानं कट्. जाऊबाईंनी तेच केलं. माझ्याशी काहीतरी पुटपुटत होत्या, बोलता बोलता हात गेला, गाठ बसली, दात लागले. इतका बारीक आवाज! पण त्या शांततेत तो सासूबाईंनी ऐकला.

सासूबाई ओरडल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. जाऊबाईंना आधी कळलंच नाही की काय झालं. मग ओठाला चिकटलेला तो कापसाचा तंतू त्यांनी बोटानं काढला, त्याच्याकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलं ते मी डोळ्यांनी पाहिलं.

पुढे चैत्र गेला, वैशाख आला. नवतप्यात, उन्हाळ्याच्या त्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, बाळंत झाल्या. तो उन्हाळा आठवला की अजून मी उठून पाणी पिते. खिडक्यांना ओली पोती, माठात गरम पाणी, रस्त्यावर डांबर चपलेला चिकटायचं. आणि त्या भट्टीत ती पोर आली. केवढी? माझ्या तळहातावर डोकं आणि मनगटाच्या थोडं पुढे पाय. सगळं जिथल्या तिथे, नखंसुद्धा, पण सगळं लहान. रडायची नाही, मांजराच्या पिल्लासारखी कुईं करायची. कापसात गुंडाळून ठेवली होती. बारशाआधीच गेली.

आणि मग ते वाक्य आलं. "धागा तोडला न् गिऱ्हानात." कोण पहिल्यांदा बोललं कोण जाणे. बस, एवढंसं. नळावर ऐकू आलं, ताणा ओढताना ऐकू आलं, हळदीकुंकवाला जाऊबाई उठून गेल्या की ऐकू आलं. नंतर कोणी मोठ्यानं म्हणायचं थांबलं, पण ते कुठे गेलं नाही. देवदयेनं पुढे मुलगा झाला, चांगला धडधाकट. तरी नाही गेलं. जाऊबाईंनी त्यानंतर कधी हातानं धागा तोडला नाही. मागावर बसायच्या, गाठ मारायच्या, आणि हाक, "इंदे, ये वं जरा." मी जाऊन तोडायची. माग गेले, गल्लीतले पुरुष कोणी लकडगंजला लाकूड कापायच्या आरागिरणीत लागले, कोणी दुकानात. हाक राहिली. बटण लावलं तरी इंदे, गजरा ओवला तरी इंदे. मी जायची, तोडायची. कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. बायकांच्या घरात असे किती कोपरे असतात, ज्यांना आपण रोज झाडू मारतो आणि तरी तिथे बघत नाही.

तर त्या संध्याकाळी जाऊबाई मयुरीच्या पायाशी जमिनीवरच बसल्या आणि म्हणाल्या, "मी धागा तोडला होता. तू संत्रं सोललं. आता काय होईन वं माये?"

मयुरीला यातलं काहीएक ठाऊक नव्हतं. तिच्या बापालाही नव्हतं. आपल्या आधी एक बहीण होऊन गेली हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मीच अडखळत, अर्धंमुर्धं सांगितलं. ऐकता ऐकता पोरीचा चेहरा असा झाला की वाटलं आता हिला काही होतं की काय. तिनं हातातलं संत्रं ताटलीत ठेवलं, पोटावर हात ठेवला. मग हळूच म्हणाली, "आजी, मी तिथे काय शिकून राहिली, तुले माहीत आहे का?"

"हव. पेशी का काय ते."

"मोडणं शिकून राहिली. पेशी आपल्याच घरातल्या वस्तू कधी मोडते, कशी मोडते, हेच."

जाऊबाईंनी कानावर हात ठेवले. "आज नोको सांगू वं. आज मोडायचं नाव नोको घेऊ."

पण मयुरीनं सांगितलं. मला जेवढं उमगलं तेवढं लिहिते. चुकलं तर चूक माझी, पोरीची नाही.

आपल्या एकेका पेशीत म्हणे लांबलचक निरोप फिरत असतात. अमुक बनव, तमुक बनव. आणि ते निरोप आवरायला बारक्या चिठ्ठ्या असतात. त्यांना मायक्रो-आरएनए म्हणतात. केवढ्या? वीस-बावीस अक्षरांच्या. लांब निरोपातल्या सहा-सात अक्षरांशी चिठ्ठीचं तोंड जुळलं की झालं, तो निरोप गप्प होतो, पुढे मोडलाही जातो. म्हणजे या एवढ्याशा चिठ्ठीनं एवढ्या मोठ्याचं तोंड बंद करायचं! मी तिथेच थक्क झाले. "येवढुशी, अन् येवढी माजोरी?" मी म्हटलं.

"हव धाकटी आजी. अन् ती एकटी नाही फिरत. एक प्रथिन तिले कुशीत घेऊन बसते. आर्गोनॉट नाव त्याचं. त्याच्या कुशीत आहे तोवर तिले कोणी हात लावू शकत नाही. बाकीचे निरोप येतात-जातात, ही किती दिवस टिकते."

"मंग ती मोडते कशी?" हे जाऊबाईंनी विचारलं. कानावरचे हात खाली आले होते.

"तीच तर गंमत. कधीकधी असा एखादा लांब निरोप येतो की तो तिच्या तोंडाशी तर जुळतेच, शेपटाशीबी जुळते. मंग तिचं शेपूट त्या कुशीतून ओढल्यासारखं बाहेर येते, दोघांचा मिळून आकारच बदलून जाते. तो आकार ओळखणारं दुसरं एक प्रथिन आहे. ते येते आणि खूण करते. कोणावर?"

"चिठ्ठीवर," मी म्हटलं.

"नाही. सांभाळणाऱ्यावर. त्या खुणेनं पेशी सांभाळणाऱ्यालेच मोडून टाकते. चिठ्ठी उघडी पडते, अन् उघडी पडली की तिले खाणारे टपलेलेच असतात. तो लांब निरोप मात्र बरेचदा सलामत राहते, दुसऱ्या चिठ्ठीकडे जाते."

"थांब थांब," मी म्हटलं. माझं डोकं गरगरायला लागलं होतं. "म्हणजे ज्याले गप करायला ही चिठ्ठी निघाली, त्यानंच हिले खाल्लं?"

"हव."

"अन् जो बिचारा कुशीत घेऊन बसला होता, तोबी मेला?"

"हव. आधी तो."

"बापा!" मी म्हटलं. खरंच दुसरा शब्द सुचेना. माझ्या अंगात, या भाकरी थापणाऱ्या हातात, आत्ता या क्षणाला असं काही चाललंय? राखणदाराला मारून चिठ्ठी उघडी पाडतात? आणि मी बसलेय जप करत, मला पत्ता नाही? आमचं घर असं, की फुटक्या कपाचा कान सुद्धा कधीतरी कामी येईल म्हणून ठेवतो. तुटलं की जोडायचं, फाटलं की शिवायचं, यातच जन्म गेला. आणि आत बघावं तर ही तोडफोड!

मयुरी जाऊबाईंकडे वळली. तिचा आवाज बदलला होता. "आजी, आता नीट ऐक. ते खूण करणारं प्रथिन उंदरांमधून काढून टाकलं, तर काय होते माहीत आहे? त्या चिठ्ठ्या मोडतच नाहीत. साचत जातात. वाढ रोखून धरणाऱ्या चिठ्ठ्यासुद्धा. अन् मंग पिल्लं लहान निपजतात. त्यांचं हृदय, फुप्फुसं नीट तयार होत नाहीत. जगत नाहीत."

"लहान?" जाऊबाईंनी विचारलं.

"हव. लहान."

"मोडलं म्हणून?"

"नाही आजी. मोडलं नाही म्हणून."

जाऊबाई रडल्या नाहीत. त्या उठल्या, गुडघ्यावर हात देत, आणि आत जाऊन पडल्या. ग्रहण सुटल्यावरची आंघोळसुद्धा केली नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा!

त्यानंतरचे दिवस मी नुसती विचार करत होते. धुळवड झाली, रंग झाला, पोरांनी अंगण लाल करून ठेवलं, आणि मी खराटा घेऊन उभी की उभीच. डोक्यात ती चिठ्ठी. एवढीशी, दुसऱ्याच्या कुशीत बसून टिकणारी. आणि मला आमच्या गल्लीतलं ते वाक्य आठवायचं. तेही एवढंसंच होतं. आणि त्यानं काय काय गप्प केलं! जाऊबाईंचं हसणं गप्प केलं, पोटातल्या तबल्याच्या गोष्टी गप्प केल्या, एक अख्खी बाई गप्प केली. एवढं बारकं वाक्य इतकी वर्षं टिकतं कसं? सासूबाईंनी सांभाळलं, ठीक. पण सासूबाई गेल्या त्यालाही जमाना झाला. मग कोणी सांभाळलं?

आणि एका सकाळी, हातात खराटा असतानाच, मला उत्तर मिळालं आणि मी तिथेच पायरीवर बसले. मी सांभाळलं. मी एका शब्दानं बोलले नाही, टोमणा मारला नाही, उलट माया केली. पण दर हाकेला उठून गेले आणि धागा तोडून दिला. दर वेळी, न बोलता, म्हटलं की हो बाई, तुम्ही तोडू नका, तुमच्या हातानं वाईट होतं. मायेच्या कुशीत घेऊन बसले मी त्या वाक्याला. त्याला कोणी हात लावू शकलं नाही ते माझ्यामुळे. पायरीवर ऊन आलं, चटके बसायला लागले, तरी मला उठवेना.

अन् मग आली ही पोर. तोच सहावा महिना, तसंच ग्रहण, तसंच पोट, आणि तसाच नकळत गेलेला हात. त्या वाक्याशी तोंडापासून शेपटापर्यंत जुळली. त्याशिवाय का जाऊबाईंच्या तोंडून ते बाहेर आलं!

काही दिवसांनी कुही गावातल्या भाच्यानं नवा तांदूळ पाठवला. दुपारी आम्ही दोघी अंगणात सुपं घेऊन निवडत बसलो. मयुरी बाजूला खुर्चीत, पाय स्टुलावर, मांडीवर लॅपटॉप. जाऊबाईंचं सूप एकाएकी थांबलं.

"मयुरे."

"काय वं आजी?"

"मंग माह्या पोरीत काय मोडायचं राहून गेलं होतं?"

असा साधा प्रश्न. जणू भाजीत मीठ राहिलं का विचारावं. मला वाटलं, पोरगी आता दिलासा देईल, सांगेल काहीतरी गोड. मयुरीनं लॅपटॉप बंद केला.

"ते मले नाही सांगता येत आजी. आता कोणालेच नाही सांगता येणार. मी बोलली ते उंदरांचं. माणसाचं लेकरू लहान होयाची शंभर कारणं असतात. तुह्या पोरीचं कोणतं होतं, ते तिच्यासंगं गेलं." मग थांबून म्हणाली, "पण धागा नव्हता. येवढं मी तुले छातीठोक सांगते. धागा नव्हता आजी."

मी वाट बघत होते की जाऊबाई आता सुटल्यासारख्या होतील, निदान उसासा टाकतील. काय झालं ते सांगते. त्या संतापल्या. मी त्यांना आयुष्यात असं बघितलं नव्हतं. सूप हातातून असं टाकलं की तांदूळ अंगणभर उधळला. "मंग काहून?" त्या ओरडल्या. "मंग काहून मले तोंड लपवाले लावलं? माय होती न् मी तिची! मले रडू बी नाही देल्लं! म्हने, स्वतःच्या हातानं करून बसली, आता कायले रडते. अन् मी नाही रडली! येवढे वरीस मी माह्या लेकरासाठी नाही रडली वं इंदे!"

गल्लीतल्या दोन बायका फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना हातानंच जा म्हटलं. जाऊबाई धापा टाकत होत्या. चिमण्या तांदळावर उतरल्या, कोणी हाकललं नाही. आणि मग, आवाज अगदी खाली गेल्यावर, त्या म्हणाल्या, "वंदना."

मी विचारलं, "कोण वंदना?"

"बारशाले ठेवायचं होतं. मी तिच्या कानात आधीच सांगून टाकलं होतं. ती गेली त्या दिवशी सकाळी."

मी हातातलं सूप खाली ठेवलं. एका छपराखाली राहिलो आम्ही, एका चुलीवरचं जेवलो, एकमेकींची बाळंतपणं केली, एकमेकींचे नवरे गेले तेव्हा एकमेकींना धरून बसलो. आणि हे नाव मी आज पहिल्यांदा ऐकत होते! ही बाई ते नाव घेऊन माझ्यासमोरून रोज ये-जा करत होती आणि मला ऐकू आलं नाही.

मयुरी खुर्चीतून उठली. जड झालेली, दोन्ही हातांनी तोल सावरत, तांदळातून पाय टाकत आली आणि आजीच्या बाजूला खाली बसली.

"वंदना," ती म्हणाली. "म्हणजे माही आत्या."

जाऊबाईंनी दचकून तिच्याकडे पाहिलं. असा विचार त्यांच्याही मनाला कधी शिवला नसावा. ती पोर आजवर कोणाची कोणीच नव्हती. फक्त एक चूक होती, ग्रहणातली.

"हव," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदा मोडला. "तुही मोठी आत्या."